गळाशी गप्पा : गांडूळ रबरी, मासा खरा

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की टेक्सासातल्या लेक फोर्क तलावावर बास नावाचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा धरायला जाताना एकच आमिष न्यायची परवानगी असेल तर मी रबरी गांडूळ नेईन. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच नाही. पाच पत्रं निवडली आहेत. बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच मिळतील.

प्रश्न : काका, मी फ्रिस्कोला असतो. एप्रिलपासून सहा शनिवार लुईसव्हिल लेकवर काठावरून बास धरायला जातोय. व्हिडिओ बघून चौदा पाकिटं प्लास्टिक वर्म्स घेतले, वासाची बाटलीही घेतली. एक मासा नाही. मागच्या शनिवारी माझ्यापासून वीस पावलांवर एक म्हातारे गृहस्थ उलट्या बादलीवर बसून त्याच रंगाच्या वर्मवर तीन मासे काढून गेले. माझं काय चुकतंय? पाण्यानुसार रंग बदलायला हवा का?

उत्तर : रंगाचं शेवटी बोलू. आधी मला सांगा, गांडूळ पाण्यात पडल्यावर तुम्ही रीलचं, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चकरीचं, हँडल किती सेकंदांनी फिरवता? मी पैज लावतो, पाच सेकंदही थांबत नसाल.

दुकानातल्या बाकी बहुतेक आमिषांना रील फिरवूनच जीव येतो. क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं कडक आमिष, ओढलं की डोलतं, स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं आमिष, ओढला की चकाकतो. प्लास्टिकचं गांडूळ ओढलं तर ते ओढलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यासारखंच दिसतं. त्याला पडू द्यायचं असतं. बहुतेक मासे ते खाली जाताना किंवा तळाशी नुसतं पडलेलं असतानाच घेतात. ते बादलीवरचे म्हातारबुवा काय करत होते आठवा. काहीच करत नसणार.

हे मला कोणी अमेरिकन माणसाने शिकवलं नाही. मी आचऱ्याच्या खाडीवर गरवायला शिकलो. रॉड नव्हता, रील नव्हतं. दोरी तर्जनीवरून घेतलेली, टोकाला शिसं आणि गळ, त्यावर कोळंबी. मी सारखा दोरी हलवून बघायचो, लागलं का, लागलं का. आजोबा एकच वाक्य म्हणायचे, "हात कित्याक हलवतस रे? तेका येवंदे." चाळीस वर्षांनी टेक्सासात शंभर डॉलरचा रॉड हातात घेऊन मी पुन्हा तेच करत होतो आणि पहिला पूर्ण उन्हाळा माझा तुमच्यासारखाच गेला. वर्मवरचा पहिला बास मला मिळाला तेव्हा मी मासेमारी करतच नव्हतो. रॉड गुडघ्यांत धरून थालीपिठाचा फॉइल सोडवत होतो. बघतो तर दोरी पाण्यावर सावकाश डावीकडे चाललीय. थालीपीठ चिखलात गेलं, मासा आला. पावणेतीन पाउंडांचा.

आता बांधायचं कसं ते नीट सांगतो, कारण तुमच्या फोटोत गांडूळ गळावर सुरकुतलेलं दिसतंय. टेक्सास रिग म्हणतात ती ही. सहा-सात इंची गांडूळ, ३/० मापाचा ऑफसेट गळ, म्हणजे मानेशी दोन काटकोनी वळणं असलेला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं आधी दोरीत ओवा, टोकदार बाजू रॉडकडे, मग गळ बांधा. काठावरून पाच ते सात ग्रॅम पुरे. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात सरळ घाला, पाव इंच आत गेलं की कडेने बाहेर काढा. ओढत न्या, डोकं वळणावर येऊन बसेल. गळ अर्धा फिरवा म्हणजे टोक अंगाकडे वळेल. इथेच सगळे घाई करतात. थांबा. गांडूळ गळाशेजारी सरळ लोंबू द्या, गळाचं वाकण जिथे येतं तिथे नखाने खूण करा, आणि त्याच खुणेतून टोक आरपार काढा. मग टोक पाठीच्या कातडीत इवलंसं खुपसून ठेवा, पदराला पिन लावताना टोक आत दडवतात तसं. धरून बघा. गांडूळ सुतासारखं सरळ हवं. वाकडं असेल तर ते पाण्यात भिरभिरतं, दोरीला पीळ पडतात आणि मासा त्याच्याकडे बघतही नाही.

टोक दडवल्यामुळे हे आमिष पाणवनस्पतींत, बुडलेल्या झाडांच्या फांद्यांत टाकता येतं, अडकत नाही. आणि बास राहतो तिथेच. मोकळ्या पाण्यात लांब फेकण्याची हौस सोडा. काठाजवळच्या पडलेल्या झाडाच्या बुंध्याशी टाका.

टाकलं की रॉडचं टोक खाली न्या, दोरी किंचित सैल सोडा आणि पाण्यात शिरते त्या जागी बघत राहा. शिसं तळाला टेकलं की दोरी ढिली पडते. आता दहा आकडे मोजा. मग रॉडनेच, रीलने नव्हे, गांडूळ फूटभर उचला आणि परत पडू द्या. ढील रीलवर घ्या. पुन्हा दहा. एवढंच काम आहे. काही दिवसांत तुमच्या बोटाला तळ वाचता यायला लागेल. खडी असेल तर बारीक खरखर येते, चिखल असेल तर लोणी कापल्यासारखं जड जड येतं, फांदी असेल तर दोरी आधी ताणते आणि मग शिसं पलीकडे टपकन पडतं.

आणि मासा? बास चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. ते बोटाला "टक्" असं लागतं, बहुतेकदा एकदाच, कधी "टक्-टक्". कधी तेही नाही. दोरी तळाला पोचायच्या आतच थांबते, किंवा आडवी चालायला लागते, किंवा सगळं अचानक हलकं होतं, कारण मासा गांडूळ घेऊन तुमच्याच दिशेने येतोय. आवडलं नाही तर तो क्षणात थुंकून टाकतो. म्हणून टक् झालं की दोरीची ढील भरून घ्या, रॉडचं टोक पाण्याकडे नेत, आणि मग वर जोरात झटका द्या. टोक प्लास्टिकमधून बाहेर पडून जबड्यात शिरायचं असतं, मनगटाने भागत नाही, कोपर लागतं. ढील तशीच ठेवून झटका दिलात तर तुम्ही फक्त दोरी सरळ करता.

राहिला रंग. चौदातली तीन पाकिटं ठेवा. पाणी निवळ असेल तर हिरवट-तपकिरी, ज्याला ग्रीन पंपकिन म्हणतात. पाणी चहासारखं असेल तर जूनबग, म्हणजे हिरव्या चकाकीचं गडद जांभळं. गढूळ पाणी किंवा रात्र असेल तर काळा-निळा. गढुळात भडक रंग दिसेल असं वाटतं, पण तिथे गडद आकृतीच उठून दिसते. उरलेली अकरा पाकिटं मित्राला द्या, शक्यतो ज्याने तुमच्यापेक्षा जास्त मासे धरू नयेत असं वाटतं त्याला.

प्रश्न : नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा दर रविवारी तळ्यावर जातात. रबरी गांडुळं हाताळतात आणि त्याच हातांनी सँडविच खातात. गराजमध्ये त्यांचा एक विचित्र गोड वास भरलाय. हे नक्की कशाचं बनतं? विषारी आहे का? आणि हे खूळ काढलं कोणी?

उत्तर : काढलं ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या माणसाने, १९४९ साली, तुमच्याआमच्यासारख्या घरातल्या स्वयंपाकघराच्या शेगडीवर. अ‍ॅक्रन म्हणजे तेव्हाची टायरांची राजधानी, आणि हा मशिनिस्ट. त्याने खऱ्या गांडुळाचा साचा केला आणि त्यात मऊ प्लास्टिक ओतलं. त्याआधीही रबराची गांडुळं होती, पण ती कडक, मासा तोंडात घेऊन लगेच सोडायचा. क्रीमचं गांडूळ पाण्यात वळवळलं. पुढे त्याचा कारखाना टेक्सासात टायलरला आला, म्हणजे डॅलसपासून दोनेक तासांवर. पूर्व टेक्सासच्या तलावांत बुडालेली जंगलं आहेत. तिथे उघडा गळ टाकला की गेला, म्हणून टोक दडवायची वर सांगितलेली पद्धत तिकडे रुळली आणि नावही तिला टेक्सासचंच मिळालं.

गोड वासाचं श्रेय अलाबामातल्या युफॉलाच्या टॉम मान यांना. त्यांनी जेली वर्म काढले, द्राक्षाचे, स्ट्रॉबेरीचे, ब्लॅकबेरीचे. माशाला ब्लॅकबेरी कुठून माहीत, हे मला विचारू नका. मला स्वतःला तो वास आला की शाळेतलं वासाचं खोडरबर आठवतं, आणि अर्धा खप माझ्यासारख्यांमुळेच होत असावा.

बनतं ते पीव्हीसीचं. पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव, ज्याला प्लास्टिसायझर म्हणतात, यांचं दुधासारखं मिश्रण असतं. ते सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की पारदर्शक आणि घट्ट होतं. मग रंग, चकाकी, मीठ घालून साच्यात. मिठाने गांडूळ जड होतं. गॅरी यामामोटो यांचा सेन्को म्हणून एक वर्म आहे, दिसायला अगदी साध्या बॉलपेनसारखा, आणि तो आकार खरंच पेनावरून सुचला असं सांगतात. ना शेपूट, ना वळ्या. पण त्यात मीठ इतकं असतं की वजनाशिवायही तो आडवा बुडतो आणि बुडताना दोन्ही टोकं थरथरतात. बासला एवढं पुरतं.

तर विष म्हणावं असं नाही, पण खाण्याचा पदार्थही नाही. तो प्लास्टिसायझर हाताला लागतो, तेलकट लागतं ते तेच. काही प्रकारांत थॅलेट असतं, म्हणजे तब्येतीला बरं न मानलं जाणारं रसायन. सँडविचआधी साबणाने हात धुवायचे, पुसणे म्हणजे धुणे नव्हे, हा नियम माझ्याही घरात आहे आणि तो मी केलेला नाही. शिशाच्या गोळ्यांना तर मुलाने तोंड लावता कामाच नये. सुटलेली शिशाची गोळी दातांनी दाबून बसवायची सवय कित्येक बापांना असते, मुलं बघत असतात.

आणि नवऱ्याला घरी गांडुळं ओतायची हुक्की आली तर शेगडीवर अजिबात नको. हे मिश्रण करपलं की घसा जाळणारा आम्लाचा धूर निघतो. क्रीमने केलं ते १९४९ साली.

गराजवरून आठवलं. पाकिटातली गांडुळं पाकिटातच राहू द्या. माझ्याकडे एक सुरेख कप्प्यांचा डबा होता, पारदर्शक, कडक प्लास्टिकचा. ऑगस्टमध्ये गराजात ठेवला. तीन आठवड्यांनी उघडला तर गांडुळांनी डब्याचा तळ खाल्लेला. तेलकट द्रवाने कडक प्लास्टिक विरघळतं. एका कप्प्यात मी दुसऱ्या जातीच्या, खूप ताणल्या जाणाऱ्या रबराची आमिषं पीव्हीसीबरोबर ठेवली होती, त्यांचं जांभळं-हिरवं शिक्रण झालं होतं. रंगही एकमेकांना लागतात, धुण्यात लाल ओढणी गेल्यासारखे. बायको डब्यात डोकावून म्हणाली, "आता बास." त्यावरचा विनोद मी त्या दिवशी केला नाही.

प्रश्न : आमच्या घरात माळ आहे. मुलाला गळाचा नाद लागलाय. जिवंत गांडूळ टोचण्यापेक्षा प्लास्टिकचं बरं आणि मासाही परत सोडतो, असं तो म्हणतो. खरंच कमी त्रास होतो का माशाला?

उत्तर : पापपुण्याचा हिशेब या सदरात बसत नाही आणि माझा अधिकारही नाही, मी तर क्रॅपी आणि कॅटफिश हे इथले मासे मालवणी मसाला लावून तळतो. जे माहीत आहे ते सांगतो. गांडुळाचा त्रास नक्की वाचतो. माशाला गळ लागतोच. सोडायचाच असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायला सांगा, मासा ओल्या हाताने धरायला सांगा, आणि फोटो एकच. प्लास्टिकचं मऊ असल्याने मासा कधी खोल गिळतो, मग गळ उपटायचा नाही. सहज निघत नसेल तर दोरी तोंडाशी कापून सोडायचा.

आणि फाटलेली गांडुळं पाण्यात टाकायची नाहीत, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. मासे ती तळावरून उचलून गिळतात आणि ती पचत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१३ साली अशा आमिषांवर सरसकट बंदीचं विधेयक आलं होतं. मंजूर झालं नाही, पण त्यांची तक्रार खोटी नव्हती. माझ्या पँटच्या उजव्या खिशात कायम तुकडे असतात. पँट धुवायला टाकताना काढायचे राहतात, ते वेगळं.

प्रश्न : मी पुण्याचा. आत्येभाऊ दिवाळीत डॅलसहून येतोय, तो प्लास्टिक वर्म्स आणू का विचारतोय. मुळशी-पानशेतकडे चालतील का? आणि आपल्याकडे बास का सोडत नाहीत? मजा येईल.

उत्तर : वर्म्स आणू दे, पण बरोबर प्लास्टिकचे बेडूकही मागवा. आपल्याकडच्या गोड्या पाण्यात या खेळाला साजेसा मासा म्हणजे मरळ. तोही गवताच्या कडेला दबा धरतो, तोही आमिषावर झडप घालतो. पण तो हवा घ्यायला वर येतो आणि पृष्ठभागावरच्या हालचालीवर जास्त चिडतो, म्हणून शेवाळावरून ओढलेला बेडूक. वर्म वापराल तर टोक दडवूनच, आणि दर माशागणिक एक वर्म जाईल, मरळीचे दात बासच्या खरबरीत ओठांसारखे नसतात. गोव्याकडे खाडीत चणकासाठी, आपल्या भाषेत जिताड्यासाठी, माशाच्या आकाराची मऊ प्लास्टिक आमिषं हल्ली सर्रास वापरतात. धरणावर बसण्याआधी गावात विचारा. बऱ्याच जलाशयांतला मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि त्यांचं पोट त्यावर आहे.

बास सोडण्याचं मात्र थट्टेतही बोलू नका. जपानने १९२५ साली हौसेने आशी सरोवरात अमेरिकेतून आणून सोडला. तो देशभर पसरला, बिवा सरोवरातल्या तिथल्याच लहान माशांवर तुटून पडला. आज तिथे धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडायलाच बंदी आहे. गंमत अशी की जगातला सगळ्यात मोठा बास आता त्याच बिवाच्या नावावर आहे. जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी धरलेला २२ पाउंड ४ औंसांचा मासा सत्त्याहत्तर वर्षं अढळ होता. २००९ साली मानाबू कुरिता यांनी बिवात जेमतेम एका औंसाने जड मासा काढला. फरक इतका थोडा की नियमाप्रमाणे दोघांची बरोबरी धरली गेली. पेरींच्या घरच्यांनी तो मासा खाल्ला होता. मला हे फार आवडतं.

(आणि टेक्सासचा विक्रम, लेक फोर्कवरचा, १९९२ सालचा, १८.१८ पाउंड? तो वर्मवर नाही मिळाला. एक गृहस्थ क्रॅपीसाठी जिवंत मिनो, म्हणजे चिमुकला मासा, लावून बसले होते. माझ्या या सगळ्या लिखाणाला तेवढं एक गालबोट.)

प्रश्न : सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, वय ६८. त्यांना गळ टाकायचाय. लायसन्स लागतं का?

उत्तर : लागतं. टेक्सासात १७ वर्षं पूर्ण झालेल्या जवळजवळ सगळ्यांना लागतं, आणि पाहुणे म्हणजे बाहेरच्या राज्यातले धरले जातात. एका दिवसाचंही मिळतं. त्यातून सुटायचं असेल तर स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा धक्क्यावरून धरा, तिथे लायसन्स लागत नाही, फक्त फाटकावर प्रवेशाचे पैसे. जूनचा पहिला शनिवार राज्यभर सगळ्यांना मोकळा असतो. माशांच्या मापाचे नियम मात्र सगळीकडे लागू. एरवी १४ इंचांखालचा बास ठेवायचा नाही, आणि फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत.

त्यांना टेक्सास रिग शिकवत बसू नका. सेन्को घ्या, त्याच्या बरोबर मध्यावर छोटा रबरी ओ-रिंग चढवा आणि गळ त्या रिंगखालून घाला, म्हणजे गांडूळ फाटणार नाही. याला वॅकी म्हणतात. शिसं नको. धक्क्याच्या खांबाशी सोडायचं आणि बसायचं. खुर्ची सावलीत ठेवा. पहाटे डास फार असतात, बॅगेतून ओडोमॉस आणली असेलच त्यांनी. तेवढी तळव्यांना लावू देऊ नका, तो वास गांडुळाला लागतो.